ओहोटीनं घडवलेली गोदी

अठराव्या शतकात इंग्लंडहून निघालेलं ओकचं जहाज सहा-सात महिन्यांनी मुंबईच्या बंदरात नांगर टाकायचं. शिडं, डोलकाठ्या, तोफा वरून सारं जागच्या जागी दिसायचं. पाण्याखाली मात्र तळावर शेवाळ आणि शिंपल्यांचा जाड थर चढलेला असायचा, त्यामुळे जहाजाचा वेग बराच घटलेला असायचा. आणि लाकडाच्या आत उष्ण समुद्रातला तो कुप्रसिद्ध किडा, तेरेडो, बोटभर रुंदीचे बोगदे पाडत असायचा. फळी बाहेरून शाबूत दिसते आणि आतून पोकळ झालेली असते. अशी एक फळी भर समुद्रात फुटली की तीनशे-चारशे माणसांचा जीव पंपांच्या दांड्यांवर अवलंबून राहायचा.

म्हणून जहाज बांधण्याइतकंच, किंबहुना अधिक, महत्त्व होतं त्याचा तळ वरचेवर पाण्याबाहेर काढण्याला. मुंबईच्या गोदीचा इतिहास सांगताना वाडिया घराण्यानं बांधलेल्या भव्य युद्धनौकांची नावं आधी येतात. त्या नौका अभिमानाच्या आहेतच. पण माझ्या मते त्या गोष्टीचा पाया दुरुस्तीत आहे. मुंबईनं आधी सत्तर-ऐंशी वर्षं इतरांची जहाजं दुरुस्त केली, आणि त्यातून तिला जगातली उत्तम जहाजं बांधता आली.

कोकण किनाऱ्याला देखभालीची ही विद्या नवी नव्हती. इथल्या होड्या, मचवे, गलबतं पावसाळ्याआधी किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवायची रीत जुनी आहे. चार महिने जहाज कोरडं राहिलं की किडा मरतो, लाकूड श्वास घेतं, आणि नारळी पौर्णिमेआधी फटी बुजवून, तेल पाजून ते पुन्हा दर्यात लोटता येतं. मराठा आरमाराची जहाजं याच किनाऱ्याला साजेशी होती. रॉबर्ट ऑर्म या समकालीन इतिहासकारानं त्यांचं वर्णन केलं आहे: दोन डोलकाठ्यांची गुराब सुमारे दीडशे टनांची, तीन डोलकाठ्यांची तीनशे टनांपर्यंत, गलबत बहुधा सत्तर टनांच्या आतलं, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. तळ उथळ असल्यामुळे ही जहाजं खाडीत आत शिरत आणि इंग्रजांच्या जड जहाजांना मागे येता येत नसे. मोठ्या गुराबांसाठी विजयदुर्गाजवळ गिर्ये इथं वाघोटन खाडीच्या काठी कातळात कोरून काढलेली गोदी होती. तिचे अवशेष आजही आहेत.

युरोपीय युद्धनौकेचं गणित वेगळं होतं. सत्तरेक तोफा वाहणारं जहाज पाण्यात वीस-बावीस फूट खोल बसतं. ते किनाऱ्यावर ओढता येत नाही. गोदी नसेल तर एकच उपाय उरतो. तोफा, नांगर, दारूगोळा, पाण्याची पिंपं सगळं उतरवायचं, डोलकाठ्यांना दोर बांधायचे आणि जहाज ओढून एका कुशीवर कलतं करायचं. मग उघडी पडलेली बाजू साफ करायची, जहाज उलट्या कुशीवर घ्यायचं आणि पुन्हा तेच. यात आठवडे जात, डोलकाठ्या मोडत, आणि सगळा भार एका अंगावर आल्यानं सांगाडाच पिळवटून निघे. तळाच्या कण्यापर्यंत तर हात पोहोचतच नसे. कण्यालाच इजा झाली असेल तर ते जहाज हजारो मैलांवरच्या इंग्लंडला परत नेण्याखेरीज गत्यंतर नव्हतं, आणि तिथवर ते तरेल याची हमी कोणी देत नसे.

इथे मुंबईच्या कामी आली ती तिची भरती-ओहोटी. चेन्नईच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीत जेमतेम मीटरभराचा फरक असतो. मुंबईला उधाणाच्या दिवसांत तो चार-पाच मीटरपर्यंत जातो. म्हणजे कातळात योग्य खोलीचा हौद खणला आणि त्याला मजबूत दारं बसवली, तर समुद्र स्वतःच जहाज आत आणून ठेवतो आणि स्वतःच हौदातलं बहुतेक पाणी काढून नेतो. वाफेचे पंप येण्याआधीच्या जगात ही सोय अनमोल होती. शिवाय बंदराला मुख्य भूमीची आणि बेटाची पाठ असल्यामुळे नैऋत्येचा पावसाळाही आत शांत असे.

बंदर होतं, भरती होती, माणूस नव्हता. ईस्ट इंडिया कंपनी आपली जहाजं सुरतेला बांधून घ्यायची. तिथल्या पारशी सुतारांचं कसब मोठं होतं. पण सुरतेचं वैभव ओसरत होतं, मोगल सत्ता ढिली झाली होती, तापीचं मुख गाळानं भरत होतं. १७३५ च्या सुमारास कंपनीचा डडली नावाचा अधिकारी सुरतेला एका जहाजाच्या बांधणीवर देखरेख करायला गेला. तिथल्या मुख्य मिस्त्रीच्या हाताखाली काम करणारा लवजी नसरवानजी वाडिया हा तरुण त्याच्या नजरेत भरला. डडलीनं त्याला मुंबईला चलण्याची गळ घातली. आपल्या मालकाचा शब्द घेतल्याशिवाय लवजी निघाला नाही. परवानगी मिळाल्यावर, १७३६ मध्ये, मोजक्या सुतारांना बरोबर घेऊन तो मुंबईत आला. पुढची जवळजवळ दीडशे वर्षं मुंबईच्या गोदीचा मुख्य बांधणीकार याच घराण्यातला राहिला.

लवजीनं आल्याबरोबर जहाजांची रांग लावली असं झालं नाही. सुरुवातीची वर्षं गेली ती कंपनीच्या ताफ्याची डागडुजी करण्यात, लाकूड मिळवण्यात आणि गोदी उभी करण्यात. लाकडाचा प्रश्न अवघड होता. मुंबई बेटावर साग नव्हता. उत्तर कोकणातली रानं १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर पेशव्यांच्या अंमलाखाली आली होती. प्रत्येक सोटा बाहेरून विकत आणावा लागे.

१७५० मध्ये पहिली सुकी गोदी पुरी झाली. आशियात युरोपीय पद्धतीची, दारांची अशी गोदी तोवर नव्हती. १७६२ आणि १७६५ मध्ये तिच्याच रेषेत आणखी दोन झाल्या. तिन्ही एकापुढे एक असल्यानं मधली दारं उघडून मोठं जहाज आतल्या गोदीत नेता येई. कार्स्टन नीबुर हा डेन्मार्कच्या राजानं पाठवलेला प्रवासी १७६३-६४ मध्ये मुंबईत होता. मुंबईत पाहिलेल्या कामांत त्याला कातळात खोदलेली ही गोदी विशेष वाटली. दोन जहाजं एकाच वेळी घेता येतात आणि तिसरी जागा तयार होते आहे, असं त्यानं लिहून ठेवलं.

गोदीतलं काम चंद्राच्या तालावर चाले. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला दारं उघडायची, जहाज दोरांनी आत घ्यायचं, आणि मधोमध रचलेल्या लाकडी ठोकळ्यांच्या ओळीवर त्याचा कणा नेमका येईल असं धरून ठेवायचं. ओहोटी लागली की पाणी उतरत जाई आणि जहाज ठोकळ्यांवर टेके. दोन्ही अंगांनी वाशांचे टेकू दिले जात. पाणी पुरतं उतरलं की दारं बंद होत, राहिलेलं पाणी उपसलं जाई, आणि मग खरी कामाची घाई सुरू होई. शिंपले तासून काढायचे. गवताच्या पेटत्या चुडी फिरवून जुन्या राळेचा थर वितळवायचा. प्रत्येक फळीवर हातोडीनं ठोकून आवाज ऐकायचा, कारण पोकळ फळी वेगळी बोलते. सडलेली फळी काढून नवी बसवायची, फटी ठासून भरायच्या, आणि वर राळ, तेल, चुना यांचं लुकण द्यायचं. पुढच्या उधाणाच्या आत हे उरकलं नाही तर जहाज पंधरवडाभर अडकून पडे आणि बाहेर रांगेत उभं असलेलं दुसरं जहाज खोळंबे.

या गोदीचा पहिला मोठा राजकीय परिणाम मराठी माणसाला बोचणारा आहे. नोव्हेंबर १७५५ मध्ये अ‍ॅडमिरल वॉटसनचा शाही ताफा मुंबईला आला आणि इथे त्याची दुरुस्ती झाली. फेब्रुवारी १७५६ मध्ये तोच ताफा विजयदुर्गावर गेला. नानासाहेब पेशव्यांनी तुळाजी आंग्र्यांशी असलेल्या वैरापायी इंग्रजांशी हातमिळवणी केली होती. १२ आणि १३ फेब्रुवारीच्या लढाईत बंदरात एकमेकांना बांधून ठेवलेल्या आंग्र्यांच्या गुराबांवर तोफगोळा पडून आग लागली आणि कान्होजी आंग्र्यांनी पिढीभर खपून उभारलेल्या आरमाराचा मुख्य भाग एका दुपारी जळून गेला. विजयदुर्गात आनंदराव धुळपांनी पुढे पेशव्यांचं आरमार पुन्हा बांधलं आणि ते लढलंही. पण खोल समुद्रातली जहाजं वर्षानुवर्षं टिकवून धरणारी यंत्रणा तोवर एकाच बाजूकडे होती. आंग्र्यांच्या या पराभवात पेशव्यांच्या धोरणाचा वाटा मोठा आहे, हे मान्य करूनही गोदीचा वाटा विसरू नये असं मला वाटतं.

१७८२ मध्ये गोदीची किंमत साऱ्या हिंदी महासागराला कळली. त्या वर्षी इंग्रजांचा अ‍ॅडमिरल ह्यूज आणि फ्रेंचांचा सफ्रां यांच्यात पूर्व किनाऱ्यावर आणि सिलोनजवळ फेब्रुवारी ते सप्टेंबर अशा चार लढाया झाल्या. सफ्रां हा त्या दोघांत श्रेष्ठ सेनानी होता, त्यानं ऑगस्टअखेर सिलोनमधलं त्रिंकोमाली जिंकून घेतलं. पण ऑक्टोबरात ईशान्येचा पावसाळा सुरू झाला की कोरोमंडल किनाऱ्यावर आसरा उरत नाही. छिन्नभिन्न झालेली जहाजं घेऊन ह्यूज मुंबईला गेला, सफ्रां सुमात्रातल्या आचेला. आचेला गोदी नव्हती, सागाचे साठे नव्हते, दोरखंडांची वखार नव्हती. सफ्रांनं एका जहाजाचे अवयव दुसऱ्याला लावत आपला ताफा चालता ठेवला, ही त्याची थोरवी. ह्यूजची जहाजं मुंबईत एकामागून एक गोदीत चढली आणि १७८३ च्या वसंतात तो नव्या तळानिशी पूर्वेकडे परतला. जूनमधली कडलूरची पाचवी लढाईही इंग्रजांनी जिंकली नाही. मग युरोपात तह झाल्याची बातमी आली. तरीही एकदाही निर्णायक विजय न मिळवता इंग्रज या समुद्रात टिकले, आणि त्यामागे मुंबईचे सुतार होते.

लवजी १७७४ मध्ये वारला. त्याचे मुलगे माणेकजी आणि बमनजी, मग नातवंडं फ्रामजी आणि जमशेटजी, असा वारसा चालत आला. तीन पिढ्या दररोज तुटलेली, सडलेली, पिळवटलेली जहाजं उघडून पाहत होत्या. इंग्लिश बांधणीतलं जहाज कुठे आधी दमतं, कोणता सांधा सैल होतो, कोणत्या खिळ्याभोवती लाकूड काळं पडतं, हे त्यांना जितकं ठाऊक होतं तितकं टेम्सच्या काठी नवी जहाजं बांधून पाण्यात सोडणाऱ्याला ठाऊक असणं शक्य नव्हतं.

त्यांच्या हाती सागही होता. ओकमध्ये टॅनिक आम्ल असतं, ते लोखंडी खिळा खातं. सागातलं तेल खिळ्याला सांभाळतं. साग वाळताना फारसा वाकत नाही, फाटत नाही, आणि कुजण्याला दाद देत नाही. झाड तोडण्याआधी बुंध्याभोवतीची साल वर्तुळाकार काढून ते दोन-तीन वर्षं उभंच वाळू द्यायची पद्धत होती, त्यामुळे लाकूड हलकं होई आणि नदीतून तरंगत आणता येई. पश्चिम किनाऱ्यावरच्या बांधणीचा आणखी एक विशेष म्हणजे फळ्यांची जोडणी. युरोपात फळ्या एकमेकींना भिडवून मधल्या फटीत दोराचा काथ्या ठासत. इथे फळीच्या कडेला खाच आणि जीभ काढून एक फळी दुसरीत बसवत, मध्ये राळ आणि कापसाचा पातळ थर देत. हे काम वेळ खाई, पण असा सांधा सहसा गळत नसे.

दरम्यान ब्रिटनची ओकची रानं संपत आली होती. चौऱ्याहत्तर तोफांच्या एका जहाजाला सुमारे दोन हजार झाडं लागत, आणि नेपोलियनशी चाललेलं युद्ध संपायचं नाव घेत नव्हतं. घाईघाईत ओलं लाकूड वापरलं जाऊ लागलं. त्याचा परिणाम किती भयंकर होता हे ‘क्वीन शार्लट’ या प्रचंड जहाजानं दाखवलं. १८१० मध्ये ते डेटफर्डला पाण्यात उतरलं आणि प्रत्यक्ष नौसेवेत जाण्याआधीच त्याच्या सांगाड्याला बुरशीनं पोखरलं. भरमसाठ खर्च करून ते जवळजवळ नव्यानं बांधावं लागलं.

इकडे १७९२ च्या श्रीरंगपट्टणच्या तहानं टिपूकडून मलबार कंपनीकडे आला होता आणि त्याबरोबर तिथला साग. १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन नावाच्या अधिकाऱ्याला तिथे वनरक्षक नेमलं गेलं. हिंदुस्थानातला हा पहिला. नाव रक्षकाचं असलं तरी काम आरमारासाठी साग राखून ठेवण्याचं होतं. स्वतःच्या परसातलं झाड तोडण्याचाही हक्क गेल्यानं मलबारचे जमीनदार आणि व्यापारी खवळले, आणि १८२३ मध्ये ते पद रद्द करावं लागलं. मुंबईच्या गोदीचं कौतुक करताना तिच्यासाठी उघडी पडलेली ती रानंही हिशेबात धरली पाहिजेत.

चौऱ्याहत्तर तोफांचं जहाज जुन्या गोद्यांत मावत नव्हतं. १८०७ मध्ये गव्हर्नर जोनाथन डंकनच्या कारकिर्दीत बॉम्बे इंजिनिअर्सच्या विल्यम कूपरनं नवी गोदी खोदायला घेतली. १८१० मध्ये ती झाली, आणि १९ जून १८१० रोजी ‘मिन्डेन’ हे जहाज तिच्यातून बाहेर पडलं. ब्रिटिश नौदलाच्या लढाऊ रांगेत उभं राहणारं, हिंदुस्थानात बांधलेलं हे पहिलं जहाज. बांधणीकार होता लवजीचा नातू जमशेटजी बमनजी.

जमशेटजीबद्दल एक आख्यायिका आहे. १८०० मध्ये त्यानं कंपनीसाठी ‘कॉर्नवॉलिस’ नावाची फ्रिगेट बांधली होती. पुढे कित्येक वर्षांनी दुरुस्तीच्या वेळी तिच्या आतल्या कण्यावर कोरलेली अक्षरं सापडली म्हणतात: गोरे लोक हिणवायला वापरत तोच शिवीवजा शब्द स्वतःला लावून, हे जहाज अशा एका काळ्या माणसानं बांधलं, असं त्यानं तिथं लिहिलं होतं. खरं असेल तर त्यातला ताठा समजण्याजोगा आहे. कंपनीनं चांदीची मोजपट्टी दिली, नौदलानं मानाची भांडी दिली. पण गोदीच्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पंगतीत त्याचं स्थान कोणतं, हे त्याला रोज कळत असणार. नवं जहाज धरताना तो पारशी रिवाजाप्रमाणे कण्यात चांदीचा खिळा ठोके. इंग्रज कप्तान तो विधी आदरानं पाहत उभे राहत.

पुढच्या एका फ्रिगेटची कथा समुद्रावरच अडखळली. तिचे नकाशे आणि दुसऱ्या एका जहाजाच्या तळाला मढवायचा तांब्याचा पत्रा घेऊन ‘जावा’ ही ब्रिटिश फ्रिगेट मुंबईला यायला निघाली. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’नं तिला हरवलं. नकाशे गेले. त्याच जहाजावर मुंबईला निघालेला लेफ्टनंट जनरल थॉमस हिस्लॉप होता. तो कैद झाला आणि सुटला. याच हिस्लॉपनं डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांचा पराभव केला. नकाशांची दुसरी प्रत यायला वेळ लागला. १८१६ मध्ये कणा धरला गेला आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ‘त्रिंकोमाली’ पाण्यात उतरली. महिना उलटायच्या आत खडकीची लढाई झाली आणि पेशवाई संपण्याच्या वाटेला लागली.

‘त्रिंकोमाली’ अजून तरंगते आहे. लढाऊ आयुष्य संपल्यावर तिचं शिक्षणनौकेत रूपांतर झालं, १९८७ मध्ये ती ईशान्य इंग्लंडच्या हार्टलपूलला नेली गेली आणि तिथं बरीच वर्षं खपून तिचं जुनं रूप परत आणलं गेलं. ‘वेलस्ली’चं नशीब निराळं. १८१५ मध्ये मुंबईत उतरलेली ही नौका सप्टेंबर १९४० मध्ये, वयाच्या एकशे पंचविसाव्या वर्षी, टेम्स नदीत जर्मन बाँबहल्ल्यात बुडाली. तोवर तिचं लाकूड शाबूत होतं.

लंडनच्या जहाजबांधणाऱ्यांना ही स्पर्धा खुपली नसती तरच नवल. हिंदुस्थानात बांधलेल्या जहाजांविरुद्ध त्यांनी पार्लमेंटकडे अर्ज केले आणि १८१४ मध्ये कॉमन्सच्या समितीपुढे त्यावर साक्षी झाल्या. साग टिकतो, हीच त्यांची खरी तक्रार होती. पन्नास वर्षं चालणारं जहाज आलं की दर पंधरा वर्षांनी नवं बांधणाऱ्याचा धंदा बसतो.

या जहाजांनी काय केलं, तेही सांगितलं पाहिजे. नौरोजी जमशेटजीनं बांधलेली ‘एशिया’ १८२७ मध्ये नवारिनोच्या लढाईत अ‍ॅडमिरल कॉड्रिंग्टनची ध्वजनौका होती. त्या लढाईनं ग्रीसच्या स्वातंत्र्याची वाट मोकळी केली. ‘वेलस्ली’नं फेब्रुवारी १८३९ मध्ये कराची घेतली आणि पुढच्या वर्षी चीनवर चाललेल्या ताफ्यात ती होती. १८१३ च्या, त्याच नावाच्या दुसऱ्या ‘कॉर्नवॉलिस’वर २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह झाला आणि अफूच्या युद्धात हरलेल्या चीननं हाँगकाँग दिलं. ती अफू बऱ्याच अंशी माळव्यातून मुंबईमार्गेच गेली होती. इथल्या कारागिरांचं कौशल्य निर्विवाद होतं. त्या कौशल्याचा मालक मात्र दुसराच होता, आणि तोफा कोणावर रोखायच्या हे तोच ठरवत होता.

एव्हाना वाफ आली होती. १४ ऑक्टोबर १८२९ रोजी नौरोजीनं ‘ह्यू लिंडसे’ ही ४११ टनांची आगबोट मुंबईत पाण्यात सोडली. ऐंशी अश्वशक्तीची दोन एंजिनं इंग्लंडहून आली होती. २० मार्च १८३० रोजी कप्तान विल्सन तिला घेऊन सुएझकडे निघाला. बोटीच्या कोठारात साडेपाच दिवसांचा कोळसा मावत होता. एडनला पोहोचायला लागणार होते अकरा दिवस. मग खोल्यांत, सामानाच्या जागेत, डेकवर, मिळेल तिथे कोळसा भरला. बोट दोन फूट जास्त खोल बसली, चाकं पाण्यात बुडू लागली. एडनला ती पोहोचली तेव्हा काही तासांपुरताच कोळसा उरला होता. २२ एप्रिलला ती सुएझला लागली. या सफरीनं वाट सिद्ध केली आणि तिची अडचणही दाखवली: वाटेत कोळशाचं हुकमी ठाणं हवं. जानेवारी १८३९ मध्ये मुंबईहून गेलेल्या फौजेनं एडन जिंकून घेतलं.

आणि याच घराण्यात वाफेनं वेडा झालेला एक मुलगा होता. अर्देसर खरसेटजी वाडिया, जन्म १८०८. लाकडापेक्षा त्याचा जीव यंत्रात. विशीच्या सुमारासच त्यानं एक अश्वशक्तीचं एंजिन करून विहिरीचं पाणी कारंज्यापर्यंत चढवलं. १८३३ मध्ये ‘इंडस’ नावाच्या साठ टनांच्या लहान बोटीत एंजिन बसवून ती चालवली. १८३४ मध्ये माझगावचा आपला बंगला त्यानं गॅसच्या दिव्यांनी उजळला, गव्हर्नर तो पाहायला आला. त्याचे भाऊबंद जहांगीर नौरोजी आणि हिरजीभाई मेहेरवानजी चॅटमच्या गोदीत शिकायला गेले होते. १८३९ मध्ये अर्देसरही इंग्लंडला पोहोचला, कारखान्यांतून, गोद्यांतून हिंडला. १८४१ मध्ये रॉयल सोसायटीनं त्याला फेलो निवडलं. तो मान मिळालेला तो पहिला भारतीय. दुसरं नाव, रामानुजनचं, यायला १९१८ उजाडलं.

१८४१ मध्येच अर्देसर मुंबईला कंपनीच्या वाफेच्या कारखान्याचा मुख्य इंजिनिअर झाला. युरोपीय फोरमन, युरोपीय बॉयलर-कारागीर एका देशी माणसाच्या हुकमाखाली काम करणार, हे इथल्या गोऱ्या समाजाला सोसेना. एका इंग्रजी पत्रानं उघड विरोध केला. अर्देसरनं सोळा वर्षं कारखाना चालवून उत्तर दिलं. १८५१ मध्ये त्यानं ‘लवजी फॅमिली’ ही आगबोट पाण्यात सोडली. तिचे यंत्रभाग त्यानं स्वतःच्या ओतशाळेत घडवले होते. या एका बोटीचं मोल मला ‘मिन्डेन’हून कमी वाटत नाही. एंजिनसुद्धा इथे होऊ शकतं, हे तिनं दाखवलं होतं.

पण एका घराण्याची ओतशाळा आणि एका देशाचा लोखंडाचा उद्योग यांत फार अंतर आहे. जहाजं लोखंडी होऊ लागली तेव्हा त्यांना हवे होते पत्रे लाटणारे कारखाने, दगडी कोळसा, बॉयलरच्या नळ्या, रिव्हेटं. हे सगळं स्कॉटलंडमधल्या क्लाइड नदीच्या काठी एका हाकेवर मिळे. मुंबईला त्यातलं प्रत्येक जहाजानं आणावं लागे, आणि ते इथे उभं करण्यात सरकारला रस नव्हता. सागाचा फायदा एका पिढीत पुसला गेला. लोखंडाला किडा लागत नाही.

लाकडी काळाची शेवटची मोठी जहाजं म्हणजे १८५४ मध्ये उतरलेल्या ‘असाई’ आणि ‘पंजाब’ या चाकांच्या वाफेच्या फ्रिगेटी, खरसेटजी रुस्तमजीच्या हातच्या. दहा वर्षांत त्या जुनाट ठरल्या. १८६३ मध्ये जॉन विलिस या लंडनच्या जहाजमालकानं दोन्ही विकत घेतल्या, एक विकून टाकली, आणि ‘पंजाब’मधलं एंजिन काढून तिला शिडाचं व्यापारी जहाज केलं, नाव ठेवलं ‘ट्वीड’. ती इतकी वेगवान निघाली की विलिसनं १८६९ मध्ये नवं क्लिपर बांधायला काढलं तेव्हा त्याच्या आकारावर ‘ट्वीड’च्या रेषांचा प्रभाव पडला. ते क्लिपर म्हणजे ‘कटी सार्क’, आज ग्रिनिचला जतन करून ठेवलेलं.

त्याच १८६३ मध्ये कंपनीच्या काळापासून चालत आलेलं इंडियन नेव्ही बरखास्त झालं. नोव्हेंबर १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला आणि क्लाइडवर बांधलेल्या आगबोटी तीन-चार आठवड्यांत मुंबईला येऊ लागल्या. १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक झाला, तो माल उतरवण्यासाठी. जुन्या गोदीत नवी बांधणी थांबत आली, दुरुस्ती उरली. १८८४ मध्ये जमशेटजी धनजीभाई हा शेवटचा वाडिया बांधणीकार निवृत्त झाला. लवजी आल्यापासून या घराण्यानं तीनशेहून अधिक जहाजं बांधली होती.

त्यानंतर मुंबईत मोठी युद्धनौका बांधली जायला ऐंशीहून अधिक वर्षं जावी लागली. ऑक्टोबर १९६६ मध्ये माझगाव डॉकमध्ये ‘नीलगिरी’ या फ्रिगेटचा कणा धरला गेला. ३ जून १९७२ रोजी ती भारतीय नौदलात आली. तिचा आराखडा ब्रिटनच्या लिअँडर वर्गाचा, म्हणजे नकाशे पुन्हा तिकडूनच आले होते. या वेळी मात्र जहाज कशासाठी वापरायचं हा निर्णय इथला होता, आणि नकाशे वाचून थांबायचं नाही हेही ठरलेलं होतं. त्या मालिकेतल्या पाचव्या आणि सहाव्या जहाजांचा, ‘तारागिरी’ आणि ‘विंध्यगिरी’चा, मागचा भाग नौदलाच्या आपल्याच आराखडाकारांनी बदलला, जड सी किंग हेलिकॉप्टर मावेल एवढी जागा काढली. १९८१ मध्ये ‘विंध्यगिरी’ दाखल झाली तेव्हा लवजीच्या काळातल्या गोद्या, थोड्याच अंतरावर, नौदलाच्या आवारात होत्या.